साउदॅम्प्टनच्या बोट शोला जरूर जा, पण विसार देऊ नका

प्रश्न विचारणारे वाचक ५४ वर्षांचे भूलतज्ज्ञ असून इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात राहतात. २००३ साली ते पुण्याहून तिथल्या एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, रुजू झाले. त्यांच्या पत्नी दंतवैद्य आहेत आणि आठवड्याचे काही दिवस काम करतात. दोघांचे मिळून करोत्तर उत्पन्न वर्षाला सुमारे १,१५,००० पौंड आणि घरखर्च ७२,००० पौंड आहे. सप्टेंबरमध्ये मेफ्लॉवर पार्कवर भरणाऱ्या साउदॅम्प्टन बोट शोला जाऊन बारा मीटर लांबीची नवी मोटर यॉट पाहण्याचा आणि मनास आली तर तिथेच नोंदवण्याचा त्यांचा विचार आहे. यॉटची किंमत करासह ४,५०,००० पौंड आहे. वडिलांकडून वारशाने आलेला कोथरूडचा फ्लॅट विकून १,८०,००० पौंड उभे करावेत आणि उरलेल्या २,७०,००० पौंडांचे दहा वर्षांचे कर्ज घ्यावे, अशी त्यांची योजना आहे. त्यांनी विचारले आहे, "हप्ता शिलकीत बसतो. मग अडचण काय?"

डॉक्टर, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेलेले बालपण, साठीच्या आत स्वतःच्या नौकेतून समुद्रावर जाण्याची ओढ आणि वडिलांचा पैसा आनंदाच्या गोष्टीत लागावा ही भावना, यांपैकी कशालाही मी अवाजवी म्हणणार नाही. हौसेसाठी पैसा राखून ठेवणे हाही नियोजनाचाच भाग आहे. तरीही हा व्यवहार या स्वरूपात आणि या वर्षी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही हप्त्याचा हिशेब केला आहे, नौकेचा हिशेब अजून व्हायचा आहे.

आधी हप्ताच घेऊ. ८ टक्के व्याज धरले तर २,७०,००० पौंडांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ३,२७५, म्हणजे वर्षाला ३९,३०० पौंड येतो. तुमची वार्षिक शिल्लक ४३,००० पौंड आहे, तेव्हा कागदावर तो बसतो आणि वर ३,७०० पौंड उरतात. पण घराचे १,४०,००० पौंडांचे कर्ज तुम्ही २०२१ मध्ये दोन टक्क्यांहून कमी दराने पाच वर्षांसाठी बांधले होते आणि ती मुदत आता संपत आली आहे. नवा दर साडेचार टक्क्यांच्या आसपास मिळाला, तरी पहिल्या वर्षी केवळ व्याजापोटी सुमारे साडेतीन हजार पौंड जास्त जातील. म्हणजे नौका धक्क्यावरून हलण्याआधीच उरलेली शिल्लक जवळजवळ संपते. शिवाय सध्या तुम्ही दोघे मिळून आयसामध्ये (ब्रिटनच्या करमुक्त बचत खात्यात) वर्षाला जे २४,००० पौंड टाकता ते याच शिलकीतून जातात, आणि पत्रात त्यांचा उल्लेख असला तरी हिशेबात ते कुठेच दिसत नाहीत.

आता नौका बाळगण्याचा खर्च पाहू. तुम्ही तो वर्षाला १०,००० पौंड धरला आहे आणि मला तो फारच कमी वाटतो. साउदॅम्प्टनसमोरच्या सोलंट सामुद्रधुनीच्या परिसरातल्या मरीनांमध्ये, म्हणजे नौका ठेवण्याच्या बंदरांमध्ये, धक्क्याचे भाडे मीटरवर आकारतात, आणि ते माहितीपत्रकात ठळकपणे छापलेल्या लांबीवर न आकारता मागचा पोहण्याचा फळा, पुढचा नांगर असे सगळे धरून होणाऱ्या एकूण लांबीवर आकारतात. बारा मीटरची म्हणून घेतलेली नौका या मापात सहज तेरा मीटरची होते. तेव्हा भाड्यापोटी ११,००० पौंड धरणे सुरक्षित. विम्याला साडेतीन हजार धरा. दोन डिझेल इंजिनांची वार्षिक देखभाल, नौका पाण्याबाहेर उचलून तळ धुणे, तळाला शेवाळ आणि कालवे धरू नयेत म्हणून रंग देणे, धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे (ॲनोड) झिजले की बदलणे, या सगळ्याला मिळून साडेसहा हजार लागतील. इंधनाचे ७,००० पौंड हा अंदाज मी हात आखडूनच केला आहे. अशी नौका बावीस नॉट, म्हणजे ताशी बावीस सागरी मैल वेगाने जाताना दोन्ही इंजिने मिळून तासाला सुमारे १२० लिटर डिझेल पितात. तुम्ही पत्रात फ्रान्समधल्या शेरबुर्ग बंदराच्या सफरीचा उल्लेख केला आहे. वाइट बेटाच्या टोकाशी असलेल्या नीडल्सच्या खडकांपासून शेरबुर्ग सुमारे साठ सागरी मैल आहे, आणि साउदॅम्प्टनपासून तिथवर जाण्याचेच इंधन सहाशे-सातशे पौंडांचे होते. लाल, म्हणजे कमी शुल्काचे, डिझेल स्वस्त पडते असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते खाजगी नौकांपुरते फारसे खरे नाही. ते वापरण्याची मुभा असली, तरी नौका चालवण्यासाठी जळणाऱ्या हिश्श्यावर पूर्ण शुल्क भरावे लागते.

ही बेरीज २८,००० पौंडांवर जाते. तिच्यात घसारा नाही. ४,५०,००० पौंडांपैकी ७५,००० पौंड हा नुसता व्हॅट आहे, आणि पुढे तुम्ही ती नौका एखाद्या खाजगी गिऱ्हाइकाला विकाल तेव्हा तो वेगळा वसूल होत नाही. पाच वर्षांनी तीन लाख पौंड मिळतील असे मी धरतो. त्या दिवशी कर्जाचे सुमारे १,६१,५०० पौंड बाकी असतील, म्हणजे तुमच्या हाती १,३८,५०० पौंड येतील. तोवर तुमच्या खिशातून फ्लॅटचे १,८०,०००, हप्त्यांचे १,९६,५०० आणि बाळगण्याचे १,४०,००० असे एकूण ५,१६,५०० पौंड गेलेले असतील. निव्वळ खर्च ३,७८,००० पौंड. आता तुमची रात्रपाळी, ऑन-कॉलचे आठवडे, एप्रिल ते ऑक्टोबरचा हंगाम आणि इंग्लिश खाडीचे वारे लक्षात घेता वर्षाकाठी समुद्रावर पंचवीस दिवस मिळाले तरी पुष्कळ झाले. त्या हिशेबाने समुद्रावरचा एकेक दिवस तुम्हाला तीन हजार पौंडांना पडतो. हा आकडा पत्नीसोबत बसून पाहा, आणि तो दोघांनाही मान्य असेल तरच पुढची पायरी चढा.

मला यापेक्षाही जास्त काळजी तुमच्या साठ ते सदुसष्ट या वर्षांची वाटते. साठाव्या वर्षी पूर्णवेळ काम सोडायचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या निवृत्तिवेतनाचा जुना भाग एनएचएस पेन्शन योजनेच्या १९९५च्या विभागातला आहे आणि तो साठाव्या वर्षी पूर्ण मिळतो. पण १ एप्रिल २०२२ पासूनची सगळी सेवा २०१५च्या योजनेत मोजली जाते. तिचा पूर्ण लाभ सरकारी पेन्शनच्या (नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीवर मिळणाऱ्या स्टेट पेन्शनच्या) वयाला, म्हणजे तुमच्या बाबतीत ६७व्या वर्षी मिळतो आणि आधी घेतल्यास कमी होतो. सरकारी पेन्शनही तेव्हाच सुरू होते. म्हणजे ही सात वर्षे तुम्हाला अर्धवट निवृत्तिवेतन आणि साठवलेल्या पैशावर काढायची आहेत. नौकेचे कर्ज मात्र तुम्ही चौसष्टचे होईपर्यंत चालेल. साठीनंतरच्या चार वर्षांत १,५७,००० पौंडांचे हप्ते उरतात आणि जुन्या विभागासोबत मिळणारी एकरकमी रक्कम तेच खाऊन टाकतील. कोथरूडच्या फ्लॅटचा पैसा या सात वर्षांचा पूल आहे. तो वरकड आहे असे तुम्हाला वाटते, कारण आजपर्यंत त्याची गरज पडलेली नाही.

शिवाय तो पैसा अजून हातात आलेला नाही. अनिवासी व्यक्तीकडून घर घेणाऱ्याला किंमत चुकवताना करकपात करावी लागते. आयकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी मिळवले नाही, तर ही कपात नफ्यावर न होता पूर्ण विक्री किमतीवर होते आणि जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकून पडते. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के आणि त्यावर अधिभार-उपकर असा कर आहे. इंडेक्सेशनसह (मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) वीस टक्क्यांचा जुना पर्याय निवासी करदात्यांपुरता उरला आहे, तुम्हाला तो नाही. नंतर पैसा एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यातून, बाहेर नेताना आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. तुमची रक्कम तिच्यात आरामात बसते, पण चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र आणि बँकेची कागदपत्रे यांत वेळ जातो. ब्रिटनमध्येही हा नफा दाखवावा लागेल. तिथे मूळ किंमत म्हणून वडिलांच्या निधनाच्या दिवशीचे बाजारमूल्य त्या दिवशीच्या पौंडांत धरतात, दर २४ टक्के आहे आणि भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. तुमचे १,८०,००० पौंड केवळ भारतीय कर वजा करून आलेले दिसतात. ब्रिटनमधला फरक भरल्यावर ते कमी होऊ शकतात. नौकेच्या कराराचे टप्पे मात्र तारखेवर ठरलेले असतात. कोथरूडची नोंदणी लांबली म्हणून कारखाना थांबत नाही.

तरीही शोला जा, आणि पूर्ण दिवस काढून जा. १९६९ पासून भरणाऱ्या या प्रदर्शनात पाण्यावर तरंगते फलाट (पाँटून) टाकून तात्पुरती मरीनाच उभी करतात. पूलच्या सनसीकर आणि प्लिमथच्या प्रिन्सेससारख्या ब्रिटिश कारखान्यांच्या नौकांची युरोपातल्या नौकांशी एका फेरीत तुलना करता येते. मऊ गाद्या आणि चकचकीत स्वयंपाकघर शेवटी पाहा. आधी विक्रेत्याला इंजिनखोलीचे झाकण उघडायला सांगा, खाली उतरा आणि दोन्ही इंजिनांच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या इंधन गाळणीपर्यंत आणि समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपापर्यंत हात पोहोचतो का ते पाहा. हात पोहोचत नसेल, तर दर देखभालीला मेकॅनिकचे तास वाढतात आणि ते तुमच्या बिलात येतात. पत्नीला दोर हातात घेऊन बाजूच्या अरुंद पट्टीवरून पुढे जाऊन यायला सांगा. दोघांनीच नौका धक्क्याला लावायची आहे, आणि ते काम त्यांना निर्धास्तपणे जमले नाही तर ती धक्क्यावरच बसून राहील. मग एकच किंमत लेखी मागा : तळाचा रंग, नेव्हिगेशनची उपकरणे, बो थ्रस्टर (नौकेचे नाक बाजूला वळवणारा पंखा), जीवरक्षक साधने, पोहोच आणि पाण्यात उतरवून चालू करून देणे, हे सारे धरून. फलकावरची किंमत आणि ही किंमत यांत मोठे अंतर असते.

प्रदर्शनापुरती सवलत म्हणून थोडा विसार कार्डावर भरायला सांगतील. तो भरू नका. क्रेडिट कार्डाच्या खरेदीला ब्रिटनच्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५चे जे संरक्षण आहे (विक्रेता चुकला तर कार्ड कंपनीही जबाबदार), ते वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असली तरच लागू होते. विसार हजार पौंडांचा असला तरी वस्तू साडेचार लाखांची आहे. प्रदर्शनातल्या दालनात केलेल्या करारातून चौदा दिवसांत माघार घेता येईल, असेही धरून चालू नका. पुढे कधी नवी नौका बांधायला दिलीत, तर प्रत्येक टप्प्याच्या पैशाबरोबर अर्धवट सांगाड्याची मालकी तुमच्याकडे येते की नाही आणि विक्रेता बुडाला तर काय, हे सागरी कायद्याच्या वकिलाकडून तपासून घ्या.

नौका भाड्याने देऊन खर्च निघतो, असे तिथे कोणी समजावील. भाड्याच्या नौकेला तपासणी आणि कोडिंग (व्यावसायिक वापराचे सुरक्षा प्रमाणपत्र) लागते, मिळकतीवर कर लागतो, झीज दुप्पट होते, आणि ज्या उन्हाळी शनिवार-रविवारी तुम्हाला ती हवी त्याच दिवशी गिऱ्हाइकाला हवी असते. तुमच्या हिशेबात मी या उत्पन्नाचा एक पेनीही धरलेला नाही. फ्रान्सच्या सफरींबाबत आणखी एक गोष्ट. तुमच्या पत्नीचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तेव्हा शेरबुर्गला जायला आधी शेंगेन व्हिसा काढावा लागेल. तो हाती नसताना, हवामान चांगले दिसले म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघालो, असे होणार नाही.

मग करावे काय? पुढचे दोन हंगाम दोघांनी आरवायएचे (रॉयल यॉटिंग असोसिएशनचे) मोटरबोटीचे आणि व्हीएचएफ रेडिओचे प्रशिक्षण घ्यावे, आणि भाड्याच्या किंवा भागीदारीतल्या नौकेवर यार्मथ, काउज, पूल अशा फेऱ्या माराव्यात. त्यासाठी वर्षाला आठ हजार पौंड वेगळे ठेवा, ते तुमच्या शिलकीला झेपतात. त्या दोन वर्षांत खरेच पंचवीस दिवस भरले, तर नऊ-दहा मीटरची, पाच-सात वर्षे वापरलेली, सव्वा लाख पौंडांच्या आतली नौका स्वतंत्र सर्वेअरकडून पाण्याबाहेर तपासून, शक्यतो बिनकर्जाने घ्यावी. तेव्हा मी विरोध करणार नाही. आधीच्या मालकाची खरी मालकी आणि नौकेवर बोजा नसल्याची खात्री मात्र कागदावर करा. ब्रिटनच्या नौकांच्या नोंदवहीतला छोट्या नौकांचा भाग मालकीचा पुरावा ठरत नाही. पहिल्या भागातली नोंद ठरते.

फ्लॅट विकायचाच असेल, तर आलेल्या पैशातून आधी आयसाची वार्षिक मर्यादा भरावी. दोघांच्या मिळून वर्षाला ४०,००० पौंड बसतात. घराच्या कर्जाचा काही भाग दर बदलताना फेडावा आणि वापरलेल्या नौकेसाठी वेगळा कप्पा ठेवावा. शोला जाण्याआधी तीन कागद मागवून ठेवा : एनएचएस पेन्शनचे वार्षिक विवरण, सरकारी पेन्शनचा अंदाज आणि वडिलांच्या निधनाच्या तारखेचे फ्लॅटचे मूल्यांकन. पूर्ण सरकारी पेन्शनला नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीची साधारण ३५ वर्षांची नोंद लागते. साठाव्या वर्षी थांबलात तर तुमची २८ होतील, आणि उरलेली ऐच्छिक भरणा करून विकत घेणे फायद्याचे आहे का, हे त्या अंदाजावरूनच कळेल.