'बसून करायचं काम' नको, त्याच्या दिवसात बसणारं काम हवं

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे दळणवळण विभागात होता. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली, व्हीलचेअर आली. डेटा एन्ट्रीची नोकरी त्याने धरली, पण बसून बसून दबलेल्या जागी जखम होऊन चिघळली आणि नोकरी सुटली. 'बसून करायचं एखादं हलकं काम सुचवा,' असं तुम्ही लिहिलंय.

नेमकं तेच मी सुचवणार नाही. संवेदना नसलेल्या जागी त्वचा दबली तरी कळत नाही, म्हणून दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार हलवावाच लागतो. टार्गेटच्या मागे लागलेल्या कामात हेच राहून जातं. दर चार ते सहा तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) लावायला व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छ टॉयलेट लागतं. ते नसलं की मुलं पाणी पिणं कमी करतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. तो असं करत होता का, हे जरूर विचारा. सकाळी पोट साफ व्हायला तास-दीड तास जात असेल, तर उशिराची शिफ्ट आधीच मागून घ्यावी. यात संकोच कसला?

इजा वक्षाच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल, तर शेजारच्या सहकाऱ्याला एक गोष्ट माहीत हवीच. नुसतं मूत्राशय तुंबलं तरी रक्तदाब एकाएकी चढतो, डोकं ठणकतं, चेहरा घामाने भिजतो. अशा वेळी आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, मूत्राशय रिकामं करायचं. तरीही उतार पडला नाही तर तडक दवाखाना.

'पूर्ण बरा झाला की बघू' असंही म्हणू नका. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशाच जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तिथे उपचार चालू असतानाच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती शिकवली जाई. अमेरिकेत अशा माजी सैनिकांवर झालेल्या अभ्यासातही, नोकरी शोधून देणारा माणूस उपचार करणाऱ्या टीममध्येच असला तेव्हा जास्त जणांना काम मिळालं.

त्याच्याकडे सिग्नल्सचा अनुभव आहे. नेटवर्क देखरेख, कंट्रोल रूम, दळणवळणाचं प्रशिक्षण देणं, इथे तो अनुभव मोलाचा आहे. सुरुवात अर्धवेळ करावी. झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल, तर समुपदेशन कामाच्या जोडीनेच सुरू करा.

आणि ताई, त्याला स्वतःला काय करायचंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. सोबत सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंतचं त्याचं वेळापत्रकही पाठवायला सांगा.