नव्यानं बांधलेल्या इंजिनात सिंथेटिक ऑइल कधी घालावं?

प्रश्न : माझ्या १९७८ च्या अँबॅसॅडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन नुकतंच बांधून घेतलं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. रिंगा, कॅम, टॅपेट सगळं नवं. मेकॅनिक म्हणतो, पहिल्याच दिवशी सिंथेटिक घाला. मित्र म्हणतात, जुन्या गाडीत कधीच घालू नका. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : सध्या कुणाचंच नको. होनिंगनंतर, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडानं घासल्यावर, तिच्यावर जे तिरके ओरखडे राहतात, त्यांची टोकं रिंगांनी घासून काढायची असतात. तेव्हाच रिंग बसते, म्हणजे भिंतीला घट्ट चिकटते. सिंथेटिकनं हे काम लांबू शकतं. हल्लीच्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात, पण त्यांचं होनिंग फार बारीक असतं आणि बऱ्याच इंजिनांत कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) रोलर फिरतो. तुमच्याकडे कॅमवर थेट घासणारे सपाट टॅपेट आहेत.

खरी जोखीम त्या टॅपेटांचीच. आधी प्लग काढून, ऑइल प्रेशर येईपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवा. मग सुरू झाल्याबरोबर १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान वरखाली करत वीसेक मिनिटं चालवा. आयडलिंगला सोडू नका : कॅमला तेल मुख्यतः क्रँकनं उडवलेलं मिळतं आणि कमी वेगात ते अपुरं पडतं. कॅमचा लोब (टॅपेट उचलणारा उंचवटा) एकदा घासला गेला की इंजिन पुन्हा खोलावं लागतं. रेडिएटरवर आणि प्रेशरवर नजर असू द्या. नंतर गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदला.

या काळासाठी साधं मिनरल, जाड ग्रेडचं २०डब्ल्यू-५० घ्या, साधारण चार लिटर. अंतिम शब्द डिपस्टिकचा. डब्यावरच्या ‘सिंथेटिक’पेक्षा झिंक महत्त्वाचं, कारण झिंक-फॉस्फरसचं रसायनच टॅपेट वाचवतं. ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा असते. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. तरी कंपनीच्या माहितीपत्रकात झिंक हजार पीपीएमच्या (०.१ टक्क्याच्या) वर आहे ना, ते पाहाच.

पुढचे ५०० किलोमीटर सराफ्याच्या गर्दीत घालवू नका. सकाळी सुपर कॉरिडॉरवर किंवा उज्जैन रस्त्यावर न्या. टॉपच्या खालच्या गिअरमध्ये ३० वरून ५५ पर्यंत जोरात उचला, मग पाय काढून गाडीला आपोआप मंदावू द्या. असं दहा-पंधरा वेळा. दाबामुळे रिंग भिंतीला भिडते. मानपूरचा घाट आणि भरलेली डिकी मात्र एवढ्यात नको. ५०० ला ऑइल बदला, हेडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आणि क्रमानं पुन्हा तपासा, टॅपेट सेट करा. मग १५०० ला पुन्हा ऑइल.

सिंथेटिकसाठी किलोमीटरचा आकडा दुय्यम. सलग हजार किलोमीटर डिपस्टिकवरची पातळी एकाच चालीनं, अगदी थोडी उतरत असेल, उतारावर पाय काढून पुन्हा दिल्यावर निळा धूर येत नसेल आणि गरम इंजिनात चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन दहा टक्क्यांच्या आत सारखं असेल, तर रिंग बसली. बहुधा तीन ते पाच हजारांच्या दरम्यान हे दिसतं. तेव्हाही जाड ग्रेडच ठेवा. क्रँकच्या मागच्या मेन बेअरिंगला तुमच्याकडे सील नाही, तेल परत ढकलणारी आटी आहे. पातळ ऑइल तिथून ठिबकतं. मिनरलवरच राहिलात तरी इंजिनाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : इंजिन बांधून दोन महिने झाले. रोज दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवतो. सायलेंसरमधून निळा धूर येतो. सिंथेटिकनं थांबेल?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही. बिनलोडच्या चालण्यानं सिलिंडर गुळगुळीत, चकचकीत झाला असण्याची आणि त्यामुळे रिंग बसली नसण्याची शक्यता जास्त. आधी व्हॉल्व्हचे सील तपासा. ते ठीक असतील तर वर सांगितल्याप्रमाणे गाडी लोडवर दोन-तीनशे किलोमीटर चालवून पाहा. तरी धूर राहिला तर हेड-पिस्टन काढून पुन्हा होनिंग आणि नव्या रिंगा.