मुलगी ‘सुपटेक’ म्हणतेय, एम.बी.ए. करायला सांगू का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बँकांवर देखरेख ठेवण्याच्या तंत्रज्ञानात, ‘सुपटेक’मध्ये, संशोधन करायचं म्हणते. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, तरी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. यात पुढे काही आहे का, की एम.बी.ए. करायला सांगू? – एक पालक, सांगली

उत्तर : एम.बी.ए.चं तूर्त राहू द्या. पतसंस्थेत असल्यामुळे तिचा विषय तुम्हाला पटकन कळेल.

2019 मधलं पीएमसी बँकेचं प्रकरण आठवा. पोलिसांकडच्या तक्रारीनुसार, एचडीआयएल या बांधकाम समूहाची 44 कर्जखाती लपवण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवली गेली. ही खाती कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत, नव्हतीच. फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती! बँकेने भरून दिलेल्या विवरणपत्रावर विसंबायचं, की माहिती थेट तिच्या प्रणालीतून घ्यायची? आणि घेतली तर ताडून कशी पाहायची? माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम इथे आहे. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये देखरेखीसाठी ‘दक्ष’ आणि 2023 मध्ये माहिती गोळा करण्यासाठी ‘सीआयएमएस’ या प्रणाली आणल्या, त्या याच वाटेवरच्या.

दुसरा जोरात असलेला विषय म्हणजे फसवणुकीचे पैसे फिरवायला भाड्याने दिलेली खाती. एकेक खातं सुटं पाहिलं तर साधं वाटतं, पैशांची साखळी मांडली की उघडं पडतं. बंगळुरूच्या रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबचं ‘म्यूलहंटर’ हे एआय साधन अशीच खाती हुडकतं. अडचण अशी, की पैसा या बँकेतून त्या बँकेत जातो, पण ग्राहकांची माहिती तशी देता येत नाही. ती उघड न करता साखळी कशी पकडायची, यावर बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या केंद्रीय बँकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘प्रोजेक्ट ऑरोरा’त प्रयोग केले. तिचं संख्याशास्त्र इथे कामी येईल.

एआयची हवा आहेच. पण ‘मॉडेल म्हणालं’ एवढ्यावर कुणी बँकेला दंड ठोकू शकत नाही, कारण दाखवावं लागतं. वित्तक्षेत्रातल्या एआयच्या जबाबदार वापरावर आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या समितीने ऑगस्ट 2025 मध्ये अहवाल दिला. तो तिने वाचावा.

आता वाट. आधी एम.एस्सी. संख्याशास्त्र, सोबत एसक्यूएल आणि पायथन या संगणकाच्या भाषा. मग रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी परीक्षा, संख्याशास्त्रवाल्यांसाठी असलेल्या डीएसआयएम (सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन विभाग) शाखेची. पीएच.डी.च करायची तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा हैदराबादची आयडीआरबीटी ही बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था पाहा. जागा थोड्या असतात, हे आधीच सांगून ठेवा. नियम पाळले जातात का हे पाहणारे बँकांचे अनुपालन विभाग आणि त्यांना ‘रेगटेक’, म्हणजे त्या कामाचं तंत्रज्ञान, पुरवणाऱ्या कंपन्या, हा नोकरीचा जास्त रुंद रस्ता.

तिची कच्ची बाजू असेल ती हिशेबाची, आणि तिथे शिकवणी तुमच्या घरातच आहे. सुट्टीत ताळेबंद, एनपीएचा (थकीत कर्जाचा) 90 दिवसांचा नियम, बुडीत कर्जासाठीच्या तरतुदी समजावा. मार्चअखेरीला कर्जाचं नवं-जुनं, म्हणजे नवं कर्ज देऊन जुनं फेडून घेणं, कसं होतं, हे तुम्ही पाहिलेलं असणार. तेही सांगा; आकड्यांत त्याचा माग कसा काढायचा, हा विषय तिला एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पुरेल.