लेनियर तळ्याखाली खरंच एक गाव बुडालंय का?

प्रश्न असा आहे: "अटलांटाजवळच्या लेनियर तळ्याखाली ऑस्करव्हिल नावाचं कृष्णवर्णीयांचं अख्खं गाव बुडवलंय, म्हणून ते तळं झपाटलेलं आहे, असे रील सारखे येतात. आम्ही फोर्सिथ काउंटीत घर बघतोय. तिथं राहणारं कुणी खरं काय ते सांगेल का?"

मी बारा वर्षं जॉर्जिया राज्यातल्या फोर्सिथमध्ये राहतोय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), पत्ता कमिंगचा, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावाचा. तळं, म्हणजे खरं तर धरणाचा जलाशय, घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. मूळचा मी इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या फुगवट्याकाठचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक होडीनं बघायला जातात, ते बघत लहानाचा मोठा झालो. आजी पाण्याकडे बोट करून "तो आपला मळा, ते कुणाचं घर" असं सांगायची. त्यामुळे इथं आल्यावर "तळ्याखाली गाव आहे" हे ऐकलं तेव्हा भूतबित काही डोक्यात आलं नाही. पहिला प्रश्न हाच आला, की मग धरणग्रस्त कुठं गेले?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: ऑस्करव्हिलची काही जमीन पाण्याखाली आहे, हे खरं. तिथल्या कृष्णवर्णीयांना धरणानं उठवलं, हे खोटं. पाणी आलं १९५६ साली. ती माणसं १९१२ सालीच हाकलली गेली होती. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली.

ऑस्करव्हिल हे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं गावठाण नव्हतंच. विखुरलेली शेतं, चर्च, दुकान, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरची घरं. गोरे, कृष्णवर्णीय दोन्ही राहायचे. १९१०च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत बारा हजारांच्या आत वस्ती आणि त्यात १,०९८ कृष्णवर्णीय. बहुतेक जण वाट्यानं शेती करणारे, मजूर, घरकामाला जाणाऱ्या बायका. काहींच्या नावावर मात्र स्वतःची जमीन होती. जोसेफ केलॉग यांच्याकडे तर दोनशे एकरांच्या आसपास.

सप्टेंबर १९१२ मध्ये ऑस्करव्हिलजवळच्या झाडीत मे क्रो ही अठरा वर्षांची गोरी मुलगी जबर जखमी सापडली आणि दोन आठवड्यांनी गेली. ती सापडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी जमावानं रॉब एडवर्ड्स या संशयिताला कमिंगच्या तुरुंगातून ओढून काढलं, ठार मारलं आणि चौकातल्या टेलिफोनच्या खांबाला टांगलं. खटला चालला तो दोघा कृष्णवर्णीय पोरांवर, अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल. एक सोळाचा, दुसरा अठराचा. नॉक्सची कबुली घेतली ती गळ्यात दोर अडकवून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खटला उरकला आणि २५ ऑक्टोबरला हजारो लोकांच्या देखत दोघांना फाशी दिलं. आजूबाजूच्या उतारावर जत्रेसारखे लोक बसले होते.

पण गाव रिकामं केलं ते फाशीनं नाही, रात्रींनी. घोड्यांवरून टोळ्या यायच्या. दारावर गोळ्या झाडायच्या, चर्च पेटवायची, कुणाला चोवीस तासांची मुदत द्यायची. काही आठवड्यांत जवळपास सगळी कृष्णवर्णीय कुटुंबं निघून गेली. कुणी शेजारच्या हॉल काउंटीत गेन्सव्हिलला, कुणी अटलांटाला. गाडीत मावेल तेवढं घेऊन. पिकं उभी होती.

आता आपल्यासारख्या सातबारा बघत वाढलेल्या माणसाला इथं लगेच पुढचा प्रश्न पडतो, की जमिनींचं काय झालं? काहींनी मिळेल त्या भावात विकल्या. काहींना तेवढाही वेळ मिळाला नाही. अशा काही जमिनींवर शेजाऱ्यांनी कर भरायला सुरुवात केली आणि वहिवाटीच्या जोरावर पुढं कागदोपत्री मालक झाले. हे मला सगळ्या हकिगतीत सर्वांत ओळखीचं वाटलं. भाऊबंदकीत आपल्याकडे हेच होतं, फक्त बंदूक दिसत नाही.

मग धरण. चॅटाहूची नदीवरच्या ब्यूफर्ड धरणाचं काम १९५० साली सुरू झालं. पूरनियंत्रण, वीज, खालच्या भागातली जलवाहतूक अशी कारणं होती आणि अटलांटाला पाणी. (त्या वेळचे अटलांटाचे महापौर हार्ट्सफील्ड यांनी खर्चाचा वाटा उचलायला नकार दिला होता. आज त्याच शहराची तहान या तळ्यावर भागते आणि त्यावरून जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडा वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते.) एप्रिल १९५४ मध्ये सरकारनं पहिली जमीन घेतली ती हेन्री शॅडबर्न या ८१ वर्षांच्या नावाड्याची, १०० एकर, ४,१०० डॉलरला. एकूण सुमारे सातशे कुटुंबं उठली. घरं बरीचशी पाडली किंवा हलवली, कबरी दुसरीकडे नेल्या. १ फेब्रुवारी १९५६ला दरवाजे बंद करून पाणी अडवायला सुरुवात झाली. म्हणजे रीलमध्ये दाखवतात तशी छपरांसकट, चर्चच्या मनोऱ्यासकट उभी वस्ती खाली नाही. पाये आहेत, जुने रस्ते आहेत, आणि खोल भागात उभी झाडं आहेत. गेन्सव्हिलच्या बाजूला मोटारींच्या शर्यतीच्या एका मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्या आहेत. तळ्याची भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट. डिसेंबर २००७ मध्ये दुष्काळात ती १,०५१च्याही खाली गेली, तेव्हा त्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. ते फोटो पाहिल्यावर मला पळसदेवच आठवलं.

मोबदला अर्थातच त्यालाच मिळाला ज्याचं नाव तेव्हा कागदावर होतं.

आमच्या शेजारी एक म्हातारेबुवा राहतात, ऐंशीच्या पुढचे. इथं वडीलधाऱ्यांना नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. आधी 'मिस्टर' आणि पुढं आडनाव नाही, पहिलं नाव. आपल्या 'अण्णा', 'तात्या'च्या जवळ जाणारी हाक आहे, मला आवडते. त्यांच्या वडिलांच्या कोंबड्यांच्या शेड होत्या. उत्तर जॉर्जियात कापूस गेल्यावर कोंबडीनंच घरं तगवली. गेन्सव्हिल तर स्वतःला जगाची कोंबडी-राजधानी म्हणवतं. पाणी चढायला लागलं तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. रोज शाळेतून आल्यावर भावाबरोबर काठ बघायला जायचे आणि एक काठी रोवून यायचे. दुसऱ्या दिवशी काठी पाण्यात. असं कित्येक महिने चाललं. "पाणी धावत येत नाही, ते उभं राहतं आणि वर येतं," असं म्हणाले. आजीनंही उजनीचं अगदी असंच वर्णन केलं होतं.

धरणाबद्दल ते तासभर बोलतात. कुणाचं शेत किती गेलं, कुणी पैशाचा ट्रॅक्टर घेतला, कोण शेवटपर्यंत घर सोडेना. १९१२बद्दल विचारलं की वाक्य आखडतं. "दे लेफ्ट." ते गेले. लहानपणी घरात एवढंच सांगितलं जायचं, का गेले ते कुणी विचारायचं नाही. मराठीत 'गेले' आणि 'घालवले' यांत दोनच अक्षरांचा फरक आहे, पण इथल्या दोन पिढ्या त्या दोन अक्षरांवर गप्प बसल्या. मला ती रीलं खटकतात ती यासाठीच. पाण्यानं बुडवलं म्हटलं की गुन्हेगार धरण ठरतं, सरकार ठरतं. शेजाऱ्यांचं नाव येत नाही.

आणि हे १९१२ला संपलं असंही नाही. पुढं पंचाहत्तर वर्षं ही काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली. बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय ट्रकवाल्यालाही अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागे. १९८० साली तळ्याकाठी सहलीला आलेल्या अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय अग्निशामक जवानावर गोळी झाडली गेली, तो वाचला. जानेवारी १९८७ मध्ये चक ब्लॅकबर्न या कराटे शिकवणाऱ्या गोऱ्या माणसानं बंधुभावासाठी पदयात्रा जाहीर केली. धमक्या आल्यावर त्यानं माघार घेतली. मग अटलांटाचे नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स पुढं झाले. १७ जानेवारीला शंभराच्या आत माणसं चालायला आली आणि त्यांच्यावर दगड-बाटल्या पडल्या. ते टीव्हीवर देशभर दिसलं. पुढच्या शनिवारी, २४ला, वीसेक हजार लोक आले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग, चळवळीतलेच जॉन लुईस आणि जेसी जॅक्सन, आणि रस्त्याच्या दुतर्फा नॅशनल गार्डचे सैनिक. काही दिवसांनी ओप्रा विन्फ्रीनं कमिंगला येऊन कार्यक्रम केला. तिचा शो तेव्हा नवा होता.

मी शेजाऱ्यांना एकदा विचारलं, सतरा तारखेला तुम्ही कुठं होता? म्हणाले, "शेडमध्ये, कोंबड्यांजवळ." मग अंगणात पाइप धरून बराच वेळ झाडांना पाणी घालत राहिले आणि आपणहून म्हणाले, "भाऊ गेला होता." कोणत्या बाजूनं ते मी विचारलं नाही. तोच भाऊ, काठी रोवायला बरोबर जाणारा.

आता तुमच्या घराचं. १९७०ला इथं सतरा हजारांच्या आत माणसं होती, २०२०ला अडीच लाख. हायवे ४००नं अटलांटा जवळ आणलं आणि कोंबड्यांच्या शेडच्या जागी सोसायट्या आल्या. २०२०च्या जनगणनेत सुमारे १८ टक्के आशियाई, त्यातले बहुतेक आपले. दक्षिण फोर्सिथमध्ये भाकरीच्या पिठापासून मोदकाच्या साच्यापर्यंत सगळं मिळतं. शाळा उत्तम, घरं महाग, सकाळी ट्रॅफिक वाईट. मला बारा वर्षांत रंगावरून उघड त्रास झाला नाही. एकदोनदा दुकानात टक लावून पाहिलं कुणीतरी, एवढंच. पण कृष्णवर्णीयांचं प्रमाण अजूनही पाच टक्क्यांच्या आत आहे, अटलांटाच्या दारात असून. कमिंगच्या चौकात २०२१ पासून एक फलक उभा आहे, १९१२च्या हत्येचा आणि हकालपट्टीचा. मुलांना घेऊन एकदा वाचा. आम्ही वाचला तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आपण इथं राहतो हे त्यांना चाललं असतं का?" मी उत्तर शोधत राहिलो, तेवढ्यात तिला आइस्क्रीम दिसलं.

आणखी एक गंमत. इथल्या सॉनी माउंटन या डोंगराच्या माथ्यावर खडकांची नैसर्गिक बैठक आहे, नाव 'इंडियन सीट्स'. नवीन आलेला प्रत्येक देशी तिथं जाऊन "आपली सीट रिझर्व्ह आहे" हा विनोद करतो, मीही केला. ते इंडियन म्हणजे चेरोकी, इथले मूळ रहिवासी. त्यांची जमीन १८३२ साली गोऱ्यांमध्ये लॉटरी काढून वाटली गेली आणि १८३८ला उरलेल्यांना सैन्यानं पश्चिमेला हाकललं. पूल्स मिलचा छप्पर असलेला १९०१चा लाकडी पूल बघायला जाल, तिथली पहिली गिरणी जॉर्ज वेल्च या चेरोकी प्रमुखाची होती. म्हणजे १९१२ ही इथली पहिली वेळही नव्हती.

भुतांबद्दल: १९५८ साली दोन बायकांची फोर्ड गाडी पुलावरून तळ्यात गेली. गाडी सापडली १९९० मध्ये, पुलाचं काम चालू असताना. तळ्यावर निळ्या झग्यातल्या बाईचं भूत दिसतं ही गोष्ट त्यातून आली. तळ्यात माणसं बुडतात हे खरं आहे. वर्षाला एक कोटीहून जास्त लोक येतात, पाणी गढूळ, खाली झाडं, हातात बिअर आणि अंगात लाइफ जॅकेट नाही. पोरांना जॅकेट घाला, भूत काही करत नाही.

गेल्या फेब्रुवारीत शेजारी मला ब्राऊन्स ब्रिज रोडच्या पलीकडच्या रानात घेऊन गेले. पानगळीनं सगळं तपकिरी, खाली लाल माती, झाडांमधून लांब तळं चमकत होतं. आणि मधेच डॅफोडिलची पिवळी फुलं, चांगली वीसेक फूट, सरळ रेषेत. रानात फुलं रेषेत उगवत नाहीत. इकडे जुन्या लोकांना हे ठाऊक असतं, जिथं डॅफोडिलची ओळ तिथं कधीतरी अंगण होतं. घर पडतं, कंद राहतात. आपल्याकडे पडक्या वाड्यात तुळशीवृंदावन उरतं तसं. शेजारी दोन दगड काठीनं सरकवून बघत होते, चुलाण्याचे असावेत. मी विचारलं, हे घर धरणाच्या वेळी उठलेल्यांचं का?

"नाही," ते म्हणाले. "मला आठवतंय तेव्हापासून इथं कधीच घर नव्हतं."

त्यांना आठवतं ते १९४८च्या सुमारापासून.