‘या रँकवर सर्जरी मिळेल का, मॅडम?’

एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शाखा ठरवणाऱ्या नीट पीजी परीक्षेचा निकाल लागला की आठवडाभरात हा प्रश्न माझ्या खोलीत येतो. खरं तर तो घेऊन समुपदेशकाकडे यायचं कारण नाही. मागच्या वर्षी कोणत्या रँकला कुठलं कॉलेज मिळालं, याच्या याद्या या मुलांच्या मोबाइलमध्येच असतात. तरी ती येतात, आणि थोड्याच वेळात मूळचा प्रश्न बाहेर पडतो : ‘एवढं करूनही जमलं नाही, म्हणजे मी सर्जन व्हायच्या लायकीचाच नाही का?’ हे मी इतक्या मुलामुलींकडून ऐकलंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. त्यासाठी मृण्मयीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीनं लिहितेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृण्मयी मराठवाड्यातली. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. एमबीबीएस तिकडच्याच एका सरकारी कॉलेजातून झालं. इंटर्नशिप संपल्यावर पुण्यात खोली घेतली, अभ्यासिकेत जागा लावली. २०२४ची परीक्षा २३ जूनला होती, ती आदल्या रात्री पुढे ढकलली. तेव्हा ही बाप-लेक परीक्षेच्या गावी लॉजवर उतरलेली होती. ११ ऑगस्टला परीक्षा झाली, रँक मनासारखी आली नाही, ड्रॉप घेतला, म्हणजे कुठेच प्रवेश न घेता पुन्हा वर्षभर अभ्यास. २०२५ची १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टला गेली. या वेळी रँक बरीच सुधारली, पण पाच आकडीच राहिली. केईएम, सायन, नायर, जेजे ही मुंबईची नावं हाताबाहेर गेली. मराठवाड्यात किंवा विदर्भात एखाद्या सरकारी कॉलेजात जनरल सर्जरी मिळायची शक्यता मात्र चांगली होती. ती आली ती आणखी एक ड्रॉप घ्यायचं जवळजवळ पक्कं करून.

‘तिकडे जाऊन मी काय शिकणार?’
‘तिकडे ऑपरेशनं होत नाहीत?’
‘होतात हो. पण केईएमला गेले ते खरे सर्जन होणार. मी आपली उरलेल्या सीटवर.’
‘हे कोण म्हणालं?’
‘रँकच म्हणते ना, मॅडम.’

मी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. माणसाला घडलेल्या गोष्टीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, त्रास तिच्यावरून त्यानं स्वतःबद्दल काढलेल्या निष्कर्षाचा होतो, हा या पद्धतीचा गाभा. मृण्मयीच्या बाबतीत रँक हे घडलेलं होतं. ‘उरलेली’ हा तिनं काढलेला निष्कर्ष होता, आणि तो तिला रात्री झोपू देत नव्हता.

अशा वेळी नुसता धीर देऊन काही होत नाही. मी आधी तिच्याकडूनच आकडे काढून घेतले. परीक्षेला बसणारे दोन लाखांहून जास्त. देशभरातल्या पदव्युत्तर जागा सत्तर हजारांच्या वर, पण त्यात अॅनाटॉमीपासून फार्माकॉलॉजीपर्यंत, पेशंटशी थेट संबंध नसलेल्या शाखांसकट, सगळं आलं. याच व्यवस्थेत २०२३मध्ये जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, म्हणजे परीक्षेला बसलेला कुणीही पात्र. म्हणजे चुरस आहे ती काही ठरावीक शाखांसाठी आणि काही ठरावीक शहरांसाठी. आणि त्या शाखांतही आज अगदी वरच्या रँकवाल्यांची झुंबड रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग यांच्याकडे आहे. सर्जरीचा क्रम त्यांच्या नंतर लागतो. सर्जरीच्या पदवीची, एमएसची, तीन वर्षं रात्रंदिवस राबायचं, मग त्यापुढच्या विशेष शाखेची, एमसीएचची, आणखी तीन, त्यात पेशंटच्या नातेवाइकांच्या मारहाणीची धास्ती; पुष्कळ हुशार मुलं हा हिशेब करून बाजूला होतात. कार्डिओथोरॅसिक (हृदय आणि छातीची सर्जरी) आणि बालशल्यचिकित्सेच्या एमसीएचच्या कितीतरी जागा तर भरतच नाहीत. ‘सर्जरी मिळणं अशक्य झालंय’ असं मुलं म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना ‘मला हव्या त्या कॉलेजात अशक्य झालंय’ असं म्हणायचं असतं. दोन्हींचं दुःख वेगळं आहे आणि दोन्हींवरचा निर्णयही वेगळा.

हे सगळं तिला पटलं. पटून काही फरक पडला नाही. हुशार मुलांचं असंच असतं, त्यांना आपला मुद्दा खोडलेला चालतो, निष्कर्ष तेवढा सोडवत नाही.

फरक पडला तो पुढच्या एका भेटीत. वडिलांशी फोनवर झालेल्या वादाबद्दल ती सांगत होती, नजर खाली. माझ्या खोलीतल्या खुर्चीच्या उशीला दोन बंद आहेत. बोलता बोलता तिनं त्यातला एक खुर्चीच्या हातामागून घेतला होता आणि एका हातानं त्याच्या गाठी मारत होती. डाव्या चिमटीत एक टोक ताणून धरलेलं, उजव्या हाताची मधली बोटं वाकून दुसरं टोक खालून ओढून घेत होती, तर्जनीनं गाठ खाली सरकवत होती. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. बघत नव्हतीच ती. पाच-सहा गाठी एकावर एक, सारख्या, घट्ट.

‘हे काय करतेस?’
ती दचकली. ‘सॉरी मॅडम. सवय आहे. सोडते.’
‘सोडू नकोस. कुठे शिकलीस ते सांग.’

मग पहिल्यांदाच ती सलग बोलली. इंटर्नशिपमध्ये एका सेकंड इयरच्या रेसिडेंटनं, म्हणजे तिथेच सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरनं, तिला उरलेला सिल्कचा धागा देऊन कॉटच्या दांडीवर गाठी बांधायला बसवलं होतं. ‘न बघता बांधता आली की ओटीत ये,’ म्हणाला. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. आणि मग एका रात्री परफोरेशनची, म्हणजे पोटात आत भोक पडल्याची, केस आली. शेतकरी, साठीच्या पुढचा, पोटात दुखत असताना दिवसभर सोडा पीत घरीच बसलेला. पोट कडक झालेलं. रात्री दोनला ओटी सुरू झाली, ती जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर धरून उभी होती, हात भरून आले तरी हलली नाही. शेवटी सरांनी नीडल होल्डर तिच्या हातात दिला आणि कातडीचे शेवटचे चार टाके तिनं घेतले.

‘सकाळी राउंडला गेले तर ते बाबा चहा मागत होते. द्यायचा नव्हताच, पण चहा मागतायत म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं ना, मॅडम...’

मी विचारलं, ‘हे ऑपरेशन कुठे झालं?’
‘आमच्याच कॉलेजला.’

आणि ती थांबली. मी पुढे काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकानं तोंड उघडलं तर समोरच्याच्या हातात आलेली गोष्ट निसटते, हे मला या कामानंच शिकवलंय, आणि त्या दिवशी गप्प राहता आलं याचं समाधान आजही आहे. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘म्हणजे मी ज्याला उरलेली सीट म्हणतेय, तिथेच मला सर्जरी आवडायला लागली.’ आणि मग, जरा रागानंच : ‘आणि ह्या हातांबद्दल पेपरात एक तरी प्रश्न होता का?’

नव्हता. असूही शकत नाही. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. चाळीस प्रश्नांचा एक भाग संपला की मागे जायची सोय नाही. दोन लाखांना रांगेत उभं करायचं तर असंच काहीतरी करावं लागणार, आणि त्यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. परीक्षा आपलं काम करते. सर्जरी आवडते का, जमेल का आणि रांगेत आपण कुठे, हे तीन प्रश्न मुलं एकाच कागदावर लिहितात आणि परीक्षेनं फक्त तिसऱ्याचं दिलेलं उत्तर तिन्हींसमोर लिहून टाकतात. मृण्मयीच्या निमित्तानं हे मला फार स्वच्छ दिसलं आणि तेव्हापासून रँकवरून खचून आलेल्या प्रत्येकाला मी आधी वॉर्डातली एखादी आठवण सांगायला लावते. ज्याला सांगण्यासारखं काहीच आठवत नाही, त्याच्याशी मग शाखेबद्दलच नव्यानं बोलावं लागतं.

त्यानंतरचं काम व्यवहाराचं होतं. कॉलेजच्या नावावरून तिथलं शिक्षण ठरवू नका, तिथे आज काम करणाऱ्या रेसिडेंटना फोन करा, असं मी सगळ्यांना सांगते. तिनंही केले. सर्जरीची युनिटं किती, इमर्जन्सी रोज किती येते, सेकंड इयरला अपेंडिक्स आणि हर्निया वरिष्ठांच्या देखरेखीखाली स्वतः करू देतात का, लॅप्रोस्कोपीवर हात बसतो का, स्टायपेंड वेळेवर होतो का, मुलींच्या ड्युटी रूमला आतून कडी आहे का. या शेवटच्या प्रश्नाला संकोचू नका. लहान शहरातल्या सरकारी रुग्णालयात रस्त्यावरचे अपघात, शेतातल्या यंत्रात सापडलेले हात, मधुमेहानं सडलेले पाय, वेळ काढून उशिरा आलेली पोटं हे सगळं येतं, आणि हात तयार होतात ते त्यावरच. उणिवाही असतात, एखाद्या ठिकाणी शिकवणारेच कमी असतात. ते फोनवरच कळतं.

आणि कष्ट कुठेही चुकत नाहीत. रेसिडेंटकडून एरवी आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम घेऊ नये, असं केंद्राच्या १९९२च्या योजनेत लिहिलेलं आहे. सर्जरीच्या पहिल्या वर्षाच्या कोणत्याही रेसिडेंटला विचारा, त्यातलं काय पाळलं जातं ते. म्हणून ज्यांची झोप, भूक आधीच बिघडली आहे त्यांनी ती सावरूनच जॉइन व्हावं. जगणं नको वाटत असेल तर माझ्यासारखीची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतही थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

वडील एकदा भेटायला आले. ‘मॅडम, मुंबईचं नाव लागलं असतं तर आयुष्यभर पुरलं असतं. एक वर्षानं काय बिघडतं?’

‘सर, तिचं दीड वर्ष पेशंटला हात न लावता गेलंय. एमएस, मग कदाचित एमसीएच. आज सुरुवात केली तरी तिशी ओलांडेल. आणखी एका वर्षानं रँक सुधारेलच याची खात्री तुम्ही द्याल? मी नाही देणार.’

‘लोक विचारतात हो...’

‘विचारणारच. त्यांना सांगा, मुलगी सर्जरी करतेय.’

ते हसले नाहीत, पण पसंतीक्रम भरताना मुलीशेजारी बसले. मुंबईची कॉलेजं तिनं वर ठेवलीच; यादी नेहमी आपल्या इच्छेच्या क्रमानं भरावी, मिळणार नाही म्हणून इच्छा गाळू नये. त्याखाली फोन करून निवडलेली सर्जरीची कॉलेजं. घरच्यांनी सुचवलेल्या बाकीच्या शाखा तिनं विचार करून काढून टाकल्या. आता ती मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजात सर्जरीची जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट, आहे.

हे वाचून कुणी ‘ड्रॉप घेऊच नये’ असा अर्थ काढू नये. त्याच सुमारास आलेल्या एका मुलाला मी ड्रॉपपासून अडवलं नाही. त्याचा तो पहिलाच प्रयत्न होता आणि परीक्षेच्या आधीचा महिना त्याचा डेंग्यूत गेला होता. ‘पुढच्या वर्षीही सर्जरी नाही आली तर?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘वाईट वाटेल. मग ऑर्थो घेईन किंवा ईएनटी. ऑपरेशन करायला मिळाल्याशी मतलब.’ एवढं म्हणता येणाऱ्याला एक वर्ष झेपतं. माझी अट एकच होती आणि ती त्यानं मानली : संध्याकाळी चार तास जवळच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी बघायची, आणि या एका प्रयत्नानंतर, रँक कितीही येवो, जॉइन व्हायचं.