गोल रिकामा राहिला तर राहू दे

तू लिहिलंयस, "मॅडम, बीएस्सी केमिस्ट्री सेकंड इयरला आहे, इकिगाईचा चार्ट तीनदा काढला पण मधल्या गोलात काहीच येत नाही, सगळ्या मैत्रिणींना पॅशन आहे आणि मलाच नाही, माझ्यात काही कमी आहे का?"

अगं, कमीबिमी काही नाही. इकिगाई म्हणजे ज्याच्यासाठी जगावंसं वाटतं ते, एवढंच. आवडतं, जमतं, जगाला हवंय, पैसे मिळतात हे जे चार गोल तू भरत बसलीयस ना ते मुळात जपानचे नाहीतच. एका स्पॅनिश ज्योतिषाची 'पर्पज'ची, म्हणजे जगण्याच्या हेतूची आकृती होती, २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या ब्लॉगरने मधला 'पर्पज' काढून तिथे 'इकिगाई' लिहिलं आणि तेच जगभर फिरलं!

जपानीत इकी म्हणजे जगणं आणि गाई म्हणजे त्याचं मोल, यात पगार कुठे आला? जपानच्या ओकिनावा बेटावरच्या ओगिमी गावातल्या म्हाताऱ्या आज्यांना विचारलं तर परसातली भाजी सांगतील, नाहीतर केळीच्या धाग्याचं कापड विणणं. मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम करायच्या, एकाच आजारातली काही माणसं खचतात आणि काही आनंदात कशी राहतात हा त्यांना पडलेला प्रश्न, १९६६ मध्ये त्यांनी इकिगाईवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या वसाहतीत कसलं आलंय करिअर.

आणि तुझ्या पत्रातच शेवटी, "सॉरी, विषय सोडून लिहितेय" म्हणत तू लिहिलंयस की शेजारच्या चौथीतल्या पोराला भागाकार जमला त्या रात्री तू आईला तेच दोनदा सांगितलंस. हेच गं ते!

पण म्हणून लगेच बीएडचा फॉर्म आणू नकोस हां. माझ्याकडे पालक येतात, मुलगी रांगोळी छान काढते म्हणून फॅशन डिझाइनिंगला घालू का विचारतात, मी आधी चहा मागवते. करिअरचं वेगळं बघू. सुट्टीत एमआयडीसीतल्या एखाद्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासतात तिथे, महिनाभर ट्रेनिंग मिळतंय का बघ, दिवसभर टायट्रेशन करून कंटाळा येतो की नाही ते तिथेच कळेल, मग थर्ड इयरला एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची की सरळ नोकरी ते ठरवू. संध्याकाळची शिकवणी मात्र बंद करू नकोस, परीक्षा असली तरी अर्धा तास चालेल.

त्या पोराचे अपूर्णांक सुरू झाले की कळव.