'रिअलाइझ' एसने लिहावे की झेडने?

'रिअलाइझ', 'ऑर्गनाइझ' अशा शब्दांत झेड लिहिणे ही अमेरिकन पद्धत असून ब्रिटिश इंग्रजीत ती चूक धरली जाते का, आणि स्पर्धा परीक्षेच्या निबंधात काय लिहावे, असे आपण विचारले आहे. ती चूक नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण या एका अक्षरापायी तालुक्याच्या निबंधस्पर्धेतला माझा पहिला क्रमांक गेला.

तेव्हा मी नववीत होतो. निबंधात 'रिअलाइझ' तीनदा आला होता आणि तिन्ही ठिकाणी झेडभोवती तांबड्या शाईचा गोल काढून समासात 'अमेरिकन' असा शेरा मारलेला होता. तो शब्द मी वाचनालयातल्या ऑक्सफर्डच्या कोशात पाहून लिहिला होता. म्हणून तो जाडजूड कोश ग्रंथपालांकडून दोन दिवसांसाठी मागून घेतला, त्या पानात खुणेला एसटीचे तिकीट घातले आणि परीक्षक असलेल्या सरांपुढे शिक्षकांच्या खोलीत नेऊन उघडला. त्यात झेडचे रूप आधी छापलेले होते, एसचे नंतर. सरांनी पानाकडे पाहिलेसुद्धा नाही. "कोश मला दाखवू नकोस, आपण इंग्रजांचे इंग्रजी शिकतो," एवढेच म्हणून त्यांनी तो मिटला.

त्या दिवशी जे मला सांगता आले नाही, ते असे. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात 'रिअलाइझ' झेडनेच आहे. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले १७७६ साली, आणि ज्यांच्यावर झेडचे खापर फोडले जाते त्या अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टर यांचा मोठा कोश तर १८२८चा. या शब्दांच्या शेवटी येणारा 'आइझ' हा प्रत्यय मूळचा ग्रीक. तिथे आणि पुढे लॅटिनमध्येही झेडच होता, एस आला तो फ्रेंचच्या वळणाने. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी याच कारणाने झेडचा पुरस्कार केला. संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत आजही 'कलर' ब्रिटिशांप्रमाणे यू घालून लिहितात आणि 'ऑर्गनायझेशन' मात्र झेडने. एस लिहिणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही, ब्रिटिश वर्तमानपत्रेही बहुधा तोच वापरतात. पण स्वतः कोश न उघडता मुलाच्या शब्दाला गोल करणे हा अन्याय आहे, आणि तो आजही सर्रास होतो.

मात्र 'ॲडव्हर्टाइज', 'सरप्राइज', 'एक्सरसाइज' यांत हा प्रत्ययच नाही, त्यामुळे तिथे एसच हवा. 'ॲनलाइज'ही ब्रिटिश इंग्रजीत, ऑक्सफर्डच्या पद्धतीतसुद्धा, एसनेच लिहितात. आपल्याकडचे बरेच परीक्षक एसला सरावलेले असतात. तेव्हा गुणांचा धोका नको असेल तर आपण एस लिहावा, फक्त पूर्ण पेपरात तोच ठेवावा. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या वह्यांत मी दोन्ही रूपे चालवतो आणि एकाच निबंधात त्यांची सरमिसळ झाली, तरच खूण करतो, तीही पेन्सिलीने.